व्यंगचित्रासाठी आधी बैल की शेळी?

खानदेशात पोळ्याच्या दिवसांत मुले हमखास बैलच काढायला घेतात, आणि नवशिक्यासाठी ती निवड योग्यच आहे. कारण लांबट आयताचे धड, त्यावर वशिंडाचा अर्धगोल आणि गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीची एक रेघ एवढ्यावर बैल ओळखू येतो. तापी खिल्लार या जातीच्या बैलाची लांब शिंगे मात्र सरळ काढू नयेत. ती आधी मागे झुकून मग वर वळतात, आणि हाच बाक थोडा वाढवून दाखवला की चित्राला रुबाब येतो. शेळीचे धड सोपे, परंतु तिचे बारीक पाय जरा चुकले तरी कुत्रा दिसू लागतो. तरीही डोळ्यांतील आडवी बाहुली, उभी आखूड शेपटी आणि दाढी यांमुळे विनोदाला शेळीच अधिक पोषक ठरते. म्हणून हात बसल्यावर तिच्याकडे वळावे.