खाडीच्या गाळातलं तेल: पीएएच तपासायचं की बायोमार्कर?

ठाणे खाडीचा गाळ तपासायचा आहे आणि पैसे एकाच चाचणीचे आहेत, तर आधी प्रश्न पक्का करा. तेल सांडलंय की धूर बसलाय, एवढंच हवं असेल तर पीएएच (तेलात आणि धुरात सापडणारी, कार्बनच्या कड्यांची संयुगं) पुरे. तेल कुणाचं, हे हवं असेल तर बायोमार्करच, म्हणजे तेलात उरलेले प्राचीन जीवांचे रेणू.

पीएएचचा हिशेब सोपा. फ्लुओरँथिन आणि पायरीन ही दोन पीएएच मोजायची आणि फ्लुओरँथिनला दोघांच्या बेरजेनं भागायचं. उत्तर ०.४ च्या खाली आलं तर तेल, ०.५ च्या वर गेलं तर लाकूड-कोळशाचं ज्वलन, मधलं आलं तर वाहनांचा धूर, असा ढोबळ अर्थ. पण बंदरात तेल आणि धूर दोन्ही मुरलेले असतात. त्यात दोन-तीन कड्यांची हलकी पीएएच लवकर उडतात, नाहीतर जिवाणू संपवतात. जुनी गळती मग धुरासारखी दिसू लागते, आणि इथेच पुष्कळ जण फसतात.

होपेन आणि स्टेरेन हे बायोमार्कर चिवट असतात. प्राचीन जिवाणू आणि शैवालांचे हे रेणू वर्षानुवर्षं गाळात टिकतात. ओलिअनेन हे आणखी एक बायोमार्कर फुलझाडांकडून येतं. मुंबई हायच्या तेलात ते सापडतं, आखाती तेलात सहसा नसतं. अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये १९८९ च्या एक्सॉन व्हाल्डीझ गळतीनंतर किनाऱ्यावर मिळालेले काही डांबरगोळे त्या जहाजाचे नव्हतेच. बायोमार्कर आणि कार्बन समस्थानिकांनी (कार्बनच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणानं) ते कॅलिफोर्नियाच्या तेलाचे ठरवले. १९६४ च्या भूकंपात फुटलेल्या टाक्यांमधून ते आले असावेत. पीएएचच्या एका गुणोत्तरातून हे कधीच कळलं नसतं.

मात्र संशयित तेलाचा नमुना हाताशी नसेल, तर बायोमार्करचा ठसा जुळवणार कशाशी? आणि ट्रॉलरचं डिझेल सांडलं असेल तर होपेन जवळजवळ मिळतच नाहीत, ते शुद्धीकरणातच मागे राहतात. तिथे पीएएचच बरं, तेही मिथाइल लागलेल्या पीएएचसकट मोजलेलं. नुसत्या अल्केनवर (कार्बनच्या साखळ्यांच्या संयुगांवर) तर कांदळवनात मुळीच विसंबू नका; पानांवरचं मेणही त्यातच मोजलं जातं.

माझा कल बायोमार्करकडे आहे. काहीही निवडा, गाळ नीट घ्या: होडीचं इंजिन बंद, ग्रॅबच्या (गाळ उचलणाऱ्या पंजाच्या) भिंतीला न लागलेला मधला चिखल, स्टीलचा चमचा, काचेची बरणी, झाकणाखाली ॲल्युमिनियम फॉइल. प्लास्टिकची पिशवी नको. आणि पीएएचच करणार असाल तर प्रयोगशाळेला आधीच सांगून ठेवा: नमुन्यातले घटक वेगळे करणाऱ्या सिलिका कॉलममधून पहिल्यांदा उतरणारा, हेक्झेन या द्रावकातला भाग फेकू नका. होपेन त्यातच असतात. पुढे पैसे आले की त्या भागाची कुपी त्याच जीसी-एमएसवर (रेणू वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर) लावता येते.