पीयू कॉलेजच्या सिमेंट कोर्टासाठी बास्केटबॉल : रबर की कंपोझिट?

आधी निकाल सांगून टाकतो. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या उघड्या कोर्टावर रोजच्या सरावाला नायलॉन दोरा गुंडाळलेला रबरी बॉलच घ्यावा. कंपोझिट, म्हणजे वर कृत्रिम चामडं असलेला, एखाद-दुसराच घ्यावा, तोही स्पर्धेआधीच्या पंधरवड्यासाठी. लेदरचा विचारच नको. तो लाकडी फ्लोअरचा बॉल आहे. सिमेंटवर त्याची साल निघते आणि एक पाऊस लागला की तो फुगून जड होतो.

हा परीक्षणाचा खटाटोप कोचसाठी, कारण बॉल निवडतो तोच आणि निकालाबद्दल बोलणी खातो तोही तोच. पीयूच्या, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या, कोचकडे खेळाडू असतो जेमतेम दोन वर्षं. जूनच्या आसपास प्रवेश, पावसाळ्यातच तालुका आणि जिल्हा स्पर्धांची धांदल, आणि दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर घरचे म्हणतात, आता बोर्डाचं बघ. बेळगाव आणि चिक्कोडी हे वेगळे शैक्षणिक जिल्हे, त्यामुळे खानापूरचा संघ एकीकडे खेळतो आणि निपाणीचा दुसरीकडे. बरेच कोच मानधनावर असतात आणि खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉलही त्यांच्याच गळ्यात असतं. अशा माणसाला वर्षातून एकदाच खरेदीची संधी मिळते. ती मे महिन्यात साधावी. प्रवेश झाल्यावर कोटेशनं मागवत बसलं तर बॉल हातात पडेपर्यंत तालुका स्पर्धा आटोपलेली असते.

आता बॉलकडे. आत ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी, त्यावर नायलॉन दोऱ्याचे वेढे, त्यावर रबरी थर आणि सगळ्यात वर पृष्ठभाग, अशी रचना असते. रबरी बॉलचा पृष्ठभागही रबराचाच असल्याने पाणी मुरत नाही. चिखल लागला तर साध्या साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवला की झालं. कंपोझिटवर कृत्रिम चामड्याचा थर असतो. पकड फार सुरेख, पण खरबरीत सिमेंटवर त्याचे पृष्ठभागावरचे बारीक दाणे घासून जातात आणि ओल मुरली की पॅनेलच्या कडा सुटायला लागतात. इथल्या लाल मातीची बारीक धूळ दोन्हींवर बसते. कंपोझिटच्या दाण्यांत ती घट्ट रुतते, रबरावरून ओल्या फडक्याने निघते. रबराची खोट एकच, पण मोठी: तो सिमेंटवर जास्त ताठ उसळतो आणि रिंगवरूनही लांब उडतो. नुसत्या रबरावर तयार झालेल्या पोरांना स्पर्धेत कंपोझिट मिळाला की रिबाउंडचा अंदाज चुकतो, बॉल अपेक्षेपेक्षा जवळ पडतो. म्हणून तो शेवटचा पंधरवडा. यजमान कॉलेज कुठला बॉल वापरणार, हे फोन करून आधीच विचारून घ्यावं.

साइजमध्ये मात्र तडजोड नको. मुलांना 7 नंबर, मुलींना 6 नंबर. सातचा परीघ साधारण 75 ते 77 सेंमी आणि वजन 580 ते 620 ग्रॅम, सहाचा 71.5 ते 73 सेंमी आणि 500 ते 540 ग्रॅम. ‘एकच साइज घ्या, दोघांना चालतो’ हा सल्ला दुकानातही मिळतो आणि प्राचार्यांच्या केबिनमध्येही. मुलींच्या हातात सात दिला की बॉल रिंगपर्यंत पोचवायला कोपर बाहेर जातो आणि दोन्ही हातांनी छातीवरून ढकलण्याची सवय लागते. ही सवय मोडायला एक अख्खा हंगाम जातो, आणि हंगाम असतात दोनच.

दुकानात बॉल हवा भरूनच बघावा. पिशवीतला चपटा बॉल घेऊन निघू नये. काचेच्या काउंटरवर हळू घरंगळत सोडा. सरळ जायच्या ऐवजी डुलत गेला तर तो गोल नाही. मग बॅकस्पिन (उलटी फिरकी) देऊन वर उडवा आणि काळ्या रेघांकडे बघा. रेघा थरथरत दिसल्या तर एका बाजूला वजन जास्त आहे. शिंप्याची टेप आणि छोटा वजनकाटा बरोबर नेला तर दुकानदार तोंड वाकडं करील, करू दे. शेवटी 1.8 मीटरवरून सोडा, म्हणजे बॉलचा तळ साधारण डोक्याच्या उंचीवर. उसळल्यावर वरची कड 1.2 ते 1.4 मीटरच्या दरम्यान यायला हवी. जमलं तर बॉल रात्रभर दुकानातच हवा भरून ठेवायला सांगा. वॉल्व्ह गळका असेल तर सकाळी कळतं.

ब्रँडचं म्हणाल तर निविया आणि कॉस्कोचे रबरी बॉल सहज मिळतात. मोल्टेनचा 12 पॅनेलचा बॉल फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, जागतिक स्पर्धांत दिसतो म्हणून पोरांना तोच हवा असतो. त्याच दुरंगी रूपातला रबरी बॉलही मिळतो, आणि पोरांची हौस भागवायला तेवढा पुरे. पाच-सातशे रुपयांच्या बॉलवर फिबाचा शिक्का दिसला तर त्यावर विश्वास ठेवू नये. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, तिथे निवडही बरी. मात्र जीएसटीचं पक्कं बिल घ्या, नाहीतर ऑफिसात फाइल अडकते.

बॉल खेळून मरतात त्यापेक्षा जास्त पंपाने मरतात. कोरडी सुई जोरात खुपसली की वॉल्व्ह फाटतो, तिरकी घातली तर ब्लॅडरला भोक पडतं. सुईला ग्लिसरीनचा थेंब लावावा, ती सरळ आणि फिरवत आत घालावी. दाब 7 ते 9 पीएसआय पुरे. सायकलच्या किंवा पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर टायरसाठी असतो. त्याने दोन सेकंदांत आतला दोरा तुटतो आणि बॉलला टेंगूळ येतं. टेंगूळ आलेला बॉल दुरुस्त होत नाही. उन्हाचाही हिशेब ठेवा: सकाळी 20 अंशांत 8 पीएसआय भरलेला बॉल गाडीच्या डिकीत 45 अंशांपर्यंत तापला तर आतला दाब 10 च्या जवळ जातो. म्हणून साधा गेज घ्याच. आणि बॉलवर बसून सरांचं भाषण ऐकणाऱ्या पोरांना उठवा. अंडाकृती बॉल तिथूनच तयार होतात.

10,000 रुपयांचं बजेट असेल आणि मुला-मुलींचे दोन्ही संघ असतील तर वाटणी अशी बसते: रबरी सातचे चार आणि सहाचे चार, सरासरी 700 प्रमाणे 5,600, कंपोझिट दोन्ही साइजचा एकेक, मिळून 3,600 च्या आसपास, उरलेल्या 800 मध्ये पंप, गेज आणि डझनभर सुया. बाजारभाव थोडे इकडेतिकडे होतील, पण प्रमाण हेच ठेवा. बारा पोरांत एक भारी बॉल असला की अकरा जण रांगेत उभे राहतात. चार साधे असले तर तिघांत एक येतो आणि त्याच वेळात प्रत्येकाचे चौपट शॉट होतात.

जुन्या कोर्टावर सराव असेल तर रेघाही एकदा टेपने मोजा. बऱ्याच ठिकाणी 2010 पूर्वीची 6.25 मीटरची थ्री-पॉइंट लाइन आणि खाली रुंद होत जाणारी ‘की’ (रिंगसमोरचा आखलेला पट्टा) अजून रंगवलेली आहे. आताची लाइन 6.75 मीटरची आणि ‘की’ आयताकृती. अर्धा लिटर ऑइलपेंट आणि एक रविवार, एवढंच काम.

फाटलेला बॉल लगेच फेकू नका, स्टॉक रजिस्टरमध्ये निर्लेखनाची सही होईपर्यंत तो दाखवावा लागतो. सही झाली की वॉल्व्हजवळ चीर देऊन आत चिंध्या आणि थोडी वाळू भरा, 3 किलोवर आणा आणि जाड दोऱ्याने शिवून वर टेप मारा. मेडिसिन बॉल म्हणून चालतो. पूर्ण वाळू भरलीत तर तो दहा किलोच्या पुढे जाईल आणि कुणाचं तरी मनगट दुखावेल.