दांडिया बाजार, अलकापुरी की वासणा-भायली? गाळा घेण्यापूर्वी पार्किंगचा हिशेब

वडोदऱ्यात नवे दुकान, दवाखाना किंवा जेवणघर काढू पाहणारी मराठी मंडळी आजकाल बहुधा तीन भागांत गाळे पाहतात: आपला जुना दांडिया बाजार-रावपुरा, रेल्वेमार्गापलीकडची अलकापुरी, आणि पश्चिमेला झपाट्याने वाढलेला वासणा-भायलीचा पट्टा. भाडे, पागडी आणि वर्दळ यांची चौकशी सगळेच कसून करतात; पार्किंगच्या बाबतीत मात्र ‘जागा आहे ना?’ एवढे विचारायचे आणि ‘भरपूर आहे, साहेब’ या दलालाच्या उत्तरावर विसंबायचे, अशी रीत पडली आहे. विचारायला हवे ते वेगळेच: ती जागा कोणाची आहे, आपल्या गिऱ्हाइकांच्या वेळेला ती मोकळी असते का, आणि एकदा लागलेली गाडी किती वेळाने निघते.

यांतला शेवटचा प्रश्न माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. दुकानापुढे चार मोटारींची जागा असेल आणि गिऱ्हाईक पंधरा मिनिटांत निघत असेल, तर तासाला सोळा मोटारींची सोय होते. तेच गिऱ्हाईक दीड तास बसणारे असेल, तर त्याच चार जागांत तासाला तीन मोटारींचीही सोय होत नाही. म्हणजे फरसाणवाल्याला जी जागा ऐसपैस, ती दंतवैद्याला अपुरी. शिवाय एका मोटारीची जागा साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब धरली, तर तेवढ्यात सहाएक दुचाकी सहज मावतात. त्यामुळे गिऱ्हाईक कशावरून येते, हेही आधीच पाहून ठेवलेले बरे.

दांडिया बाजार आणि रावपुरा यांची या बाबतीतली अपकीर्ती मोठी आहे आणि ती बरीचशी खरीही आहे. जुन्या घरांचे उंबरठे थेट रस्त्यावर उतरतात, पुढे मोकळी जागा सोडलेली नाही, त्यामुळे दुकानदाराच्या हक्काची म्हणावी अशी पार्किंगची जागा जवळपास नसतेच. जे काही आहे ते सार्वजनिक रस्त्याच्या कडेला. त्यात 1906 मध्ये बांधलेल्या खंडेराव मार्केटात महापालिकेचे मुख्य कार्यालय आणि जवळच कोठी ही जुनी सरकारी कचेरी, म्हणून कामकाजाच्या दिवशी सकाळी लागलेल्या दुचाकी संध्याकाळपर्यंत हलत नाहीत. न्यायमंदिरातील न्यायालय 2018 मध्ये दिवाळीपुऱ्याला गेल्यापासून सूरसागर तलावाच्या बाजूचा वकील-अशिलांचा भार तेवढा उतरला. गणपतीत मांडव आणि मिरवणुका, दिवाळीआधी मंगळ बाजाराकडे लोटणारी गर्दी, या काळात मोटार घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला विसरूनच जावे लागते.

तरीही झटपट खरेदीच्या धंद्याला हा भाग मला तिन्हींत उजवा वाटतो. इथले निम्मे गिऱ्हाईक आसपासच्या पोळांतून आणि गल्ल्यांतून पायी येते, उरलेले बहुतेक स्कूटरवर, आणि कोणालाही फार वेळ थांबायचे नसते. पूजेचे साहित्य, मसाले, घरगुती फराळ, वह्या-पुस्तके, चष्मे, शिवणकाम यांपैकी काही असेल, तर पार्किंग नाही म्हणून दांडिया बाजार सोडणे हा उगाचचा धसका ठरेल. शिकवणीचा वर्ग मात्र इथे काढू नये. तास सुटायच्या आणि भरायच्या वेळी पन्नास पालक एकदम स्कूटर घेऊन उभे राहतात आणि शेजारच्या दुकानदारांशी रोजचा वाद ओढवतो.

अलकापुरीची गोष्ट उलटी आहे. आर. सी. दत्त रोड रुंद, शोरूम देखणी, पत्ता सांगितला की समोरच्याच्या नजरेत वजन. पण पूर्वीच्या बंगल्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या जुन्या कॉम्प्लेक्सांची खरी अवस्था पाहायची, तर सेलरचा, म्हणजे तळघराचा, उतार उतरून खाली जावे. उताराच्या तोंडाशी पानाचा गल्ला किंवा चहाची लारी, निम्म्या उतारावर सुरक्षारक्षकाची खुर्ची, खाली शटर लावलेली गोदामे, कुठे झेरॉक्सचे दुकान, आणि उरलेल्या कोपऱ्यात वरच्या कार्यालयांच्या मालकांनी साखळी लावून अडवलेल्या जागा. मंजूर नकाशात ज्याला पार्किंग म्हटले आहे, ते प्रत्यक्षात असे वाटून घेतलेले असते. मग गिऱ्हाईक रस्त्यावर गाडी लावते आणि क्रेनच्या धास्तीने अर्धे लक्ष बाहेर ठेवून खरेदी करते. अडथळा करणारे वाहन उचलून नेण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम 127 मध्ये आहे, त्यामुळे ‘फक्त पाच मिनिटे’ ही सबब तिथे चालत नाही.

सेलरबद्दल आणखी एक धडा ऑगस्ट 2024 च्या पुराने दिला. विश्वामित्री नदी पात्राबाहेर आली तेव्हा शहराच्या अनेक भागांत सेलरमध्ये पाणी शिरून मोटारी बुडाल्या. अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात, तर मोठ्या पावसात पाणी भरणे हे बडोदेकरांना नवे नाही, आणि तो मार्ग बंद झाला की जुन्या शहरातले गिऱ्हाईक त्या दिवसापुरते आलेच नाही असे समजावे. ज्यांचे गिऱ्हाईक तास-दोन तास थांबते, म्हणजे दागिने, लग्नाचे कपडे, तज्ज्ञ डॉक्टर, त्यांनी अलकापुरीत जमिनीच्या पातळीवरची जागा मिळत असेल तरच विचार करावा. केवळ सेलरच्या भरवशावर नको.

वासणा-भायलीकडे चित्र वरवर पाहता सुखाचे दिसते. भायली 2020 मध्ये महापालिकेच्या हद्दीत आले. रस्ते नगररचना योजनेतले, रुंद. इमारती 2017 च्या राज्यव्यापी विकास नियंत्रण नियमावलीनंतरच्या असल्या तर पार्किंगची तरतूदही जुन्या इमारतींपेक्षा बरी. हॉलो प्लिंथ, म्हणजे खांबांवर उभ्या इमारतीखालची मोकळी जागा, हा इथला मोठा लाभ आहे. अडचण संध्याकाळी सुरू होते. तळमजल्यावर शेजारीशेजारी तीन-चार खाण्याची ठिकाणे निघाली, की सर्वांची गर्दी रात्री आठ ते साडेदहा या एकाच वेळेत कोसळते, मोटारी मागच्या सोसायट्यांच्या फाटकांपर्यंत पोहोचतात आणि रहिवाशांच्या तक्रारी सुरू होतात. म्हणून इथे जेवणघर काढणाऱ्याने वरच्या मजल्यांवर कार्यालये असलेली इमारत पाहावी, कारण सातनंतर ती जागा आपोआप रिकामी होते. वर व्यायामशाळा किंवा आणखी एखादे रेस्टॉरंट असेल, तर तो गाळा कितीही स्वस्त मिळाला तरी महागच पडेल.

कायद्याची बाजू तिन्ही भागांत पाहायला हवी, पण नव्या पट्ट्यात तिचे महत्त्व जास्त, कारण बिल्डर विकताना ‘शोरूमपुढची चार पार्किंग तुमचीच’ असे बिनदिक्कत सांगतो. 2016 च्या रेरा कायद्याने, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने, सामायिक तळघरे आणि उघड्या पार्किंगच्या जागा सामायिक क्षेत्रात धरल्या आहेत. पट्टा मारून नाव लिहिल्याने ती जागा एका गाळ्याची होत नाही. बीयू परमिशन, म्हणजे इमारत वापराचा परवाना, आणि त्यासोबतचा मंजूर नकाशा मागून घ्यावा व तो हातात धरून प्रत्यक्ष जागा मोजावी. जुन्या इमारतीत ‘इम्पॅक्ट फी भरलेली आहे’ असे सांगितले गेले, तर त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा: बांधकामातली आणि पार्किंगमधली तूट काही मर्यादेपर्यंत शुल्क भरून नियमित करण्याची ती वाट आहे. त्याने कागद सरळ होतो, गाडी लावायला जागा तयार होत नाही.

एक शत्रू घरातलाच असतो. दुकानातील पाच माणसांच्या पाच दुचाकी सकाळी साडेनऊला दारासमोर लागल्या आणि रात्री निघाल्या, तर सर्वांत मोलाची जागा आपणच दिवसभर अडवून ठेवली. दांडिया बाजारात हे विशेष खुपते. तिथे नोकरमाणसांच्या गाड्यांसाठी मागच्या गल्लीत एखाद्या जुन्या घराचे अंगण महिन्याने भाड्याने घेणे स्वस्त पडते.

गाळा पाहायला जाताना शनिवारी संध्याकाळी सात वाजता एकदा आणि कामाच्या दिवशी दुपारी बारा वाजता एकदा जावे, आणि दोन्ही वेळा स्वतःच्या मोटारीतूनच जावे. भाडेकरार करताना ‘पार्किंगसह’ असा मोघम शब्द न लिहिता कोणत्या जागा, किती आणि कोणत्या वेळेसाठी वापरायला मिळणार, हे नकाशाची प्रत जोडून लिहून घ्यावे. सामायिक जागा असेल तर इमारतीच्या असोसिएशनची लेखी संमतीही सोबत असावी. मालक त्याला तयार नसेल, तर त्या गाळ्याला पार्किंग नाही असे धरूनच भाड्याची बोलणी करावीत.