कानाचं मशीन आणि माझा तंबोरा : चौदा महिन्यांनंतर

कानाला मशीन लावून आता चौदा महिने झाले. पहिल्या दीड महिन्यात लिहायला बसले असते तर पाचपैकी दोनच तारे दिले असते. आज चार देते. मशीन तेच आहे, एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही. बदललं ते त्याचं सेटिंग, आणि त्यासाठी मी सांगलीहून मिरजेला सहा फेऱ्या मारल्या. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तेच मॉडेल दुसऱ्या कोणी घेतलं आणि त्यांना नीट लावून देणारं माणूस मिळालं नाही, तर ते कपाटात जाऊन पडेल. माझं पहिलं मशीन तसंच पडलं होतं.

मी विश्रामबागला राहते. वय ६४. प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. आमच्या भजनी मंडळात मी तंबोऱ्यावर असते, हे आधी सांगून ठेवते, कारण पुढची बरीचशी गोष्ट त्याचीच आहे.

माझं दुखणं असं की आवाज यायचा, पण शब्द कळायचे नाहीत. मुलानं पुण्याहून फोन केला, "आई, गाडी सातला मिरजेत येते." मी ऐकलं आठला. यांनाही मी आठच सांगितलं. पोरगं रात्रीचा प्रवास करून, सामान घेऊन स्टेशनबाहेर तासभर उभं, आणि मी इकडे पोह्यांना कांदा चिरत बसलेली. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं आणि त्या दिवशीच ठरवलं की आता कान दाखवायचे.

असं का होतं ते मला नंतर समजलं. 'सात' या शब्दातला 'आ' खालच्या पट्टीतला आणि दणदणीत असतो. 'स' आणि 'त' हे वरच्या पट्टीतले आणि नाजूक. वय वाढतं तशा आतल्या कानातल्या, म्हणजे शंखासारख्या वळणदार भागातल्या, बारीक केसपेशी मरत जातात. त्यातही वरच्या पट्टीच्या आधी जातात, आणि गेल्या की परत उगवत नाहीत. म्हणून 'स' विरून जातो, 'त'चा 'ठ' वाटतो आणि 'आ' तेवढा राहतो. घरच्यांना वाटतं ओरडून सांगितलं की कळेल. ओरडल्यानं 'आ' मोठा होतो, 'स' होता तिथेच राहतो, आणि वर ऐकणाऱ्याला वाटतं की आपल्यावर कुणीतरी चिडलंय.

पहिली चूक मी केली ती रस्त्यावरच्या एका दुकानात शिरून. पुढच्याच खोलीत पंखा चालू, दार उघडं, बाहेर गाड्यांचे हॉर्न, आणि त्यात माझी कानाची तपासणी. दहा मिनिटांत झाली. "एका कानाला पुरे, काकू," म्हणून १८,००० रुपयांचं मशीन उजव्या कानाला बसवून दिलं. घरी आले तर स्टीलचं ताट ओट्यावर ठेवलं की डोक्यात घण बसायचा, आणि समोरचा काय बोलतो ते पहिल्यासारखंच अर्धवट. पुन्हा गेले तर म्हणाले, सवय होईल. चार महिने वाट पाहिली. मग डबीत घालून ठेवून दिलं.

नंतर रीतसर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी मळ काढला, पडदा पाहिला आणि मिरजेतल्या एका ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञ, मॅडमकडे पाठवलं. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. एका कानाला अचानक, एक-दोन दिवसांत, ऐकू येईनासं झालं तर ते वयाचं म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यावर औषध असतं आणि ते लवकर सुरू करावं लागतं.

मॅडमकडची तपासणी म्हणजे काय असते ते तेव्हा कळलं. आवाजबंद लहानशी खोली, काचेपलीकडे त्या, अलीकडे मी हेडफोन लावून. बारीकसा स्वर आला की बटण दाबायचं. २५० हर्ट्झपासून ८,००० हर्ट्झपर्यंत एकेक पट्टी (हर्ट्झ म्हणजे स्वराच्या उंचीचं माप). मग कानामागच्या हाडावर एक तुकडा लावून तेच परत. मग दोन-दोन अक्षरी शब्दांची यादी, त्या म्हणणार आणि मी तसंच म्हणायचं. पाऊण तास गेला. शेवटी आलेख दाखवला: उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. दोन्ही रेषा डावीकडून सरळ येऊन मध्येच घसरगुंडीसारख्या खाली गेलेल्या. डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा त्याचं माप. २५ डेसिबलइतका हळू आवाजही ऐकू आला तर कान चांगले समजतात. मला ५०० हर्ट्झचा स्वर ऐकू यायला ३० लागत होते, ४,००० चा यायला ६५. दोन्ही कान सारखेच उतरलेले, त्यामुळे मशीनही दोन्हींना हवं. एका कानानं आवाज कुठून आला ते नीट कळत नाही आणि गलक्यातलं बोलणं वेगळं काढता येत नाही. भिंतीवर त्यांचं भारतीय पुनर्वास परिषदेचं नोंदणीपत्र लावलेलं होतं. तुम्ही जाल तिथे ते बघून घ्या, नसलं तर विचारा.

मशीन घेतलं ते कानामागे बसणारं, पातळ पारदर्शक तार कानात जाते ते. जोडी ७४,००० ला पडली. बिलात जीएसटी शून्य, कारण श्रवणयंत्राला तो लागतच नाही. कुणी लावला तर विचारा. चार्जिंगचं न घेता सेलचं घेतलं, १३ नंबरचा सेल, नारिंगी पट्टीचा. माझी बोटं सकाळी आखडलेली असतात, याहून लहान सेल मला धरवत नाही. या सेलला मागे एक चिकटपट्टी असते. ती काढली की आतल्या जस्ताला हवा मिळते आणि सेल जागा होतो. पट्टी काढल्या काढल्या मशीनमध्ये घालू नये, मिनिटभर तसाच ठेवावा. एकदा काढलेली पट्टी परत चिकटवून सेल वाचत नाही, हे मी करून पाहिलं आहे. एक सेल मला दहा-बारा दिवस पुरतो.

पहिला दिवस मला आयुष्यभर आठवेल. क्लिनिकमधून बाहेर पडले आणि माझ्याच साडीचा आवाज मला आला. चालताना निऱ्यांचा सळसळ आवाज होतो हे मी विसरूनच गेले होते. घरी तव्यावर पोळी फुगून कडेनं वाफ सुटली, फुस्स, तोसुद्धा ऐकू आला. संध्याकाळी नात अभ्यासाला बसली होती. वहीचं पान उलटलं तर मी वळून बघितलं. ती म्हणाली, "आजी, तुला हे ऐकू आलं?" मला बोलताच येईना.

पण माझा स्वतःचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा घुमायचा. दुसऱ्या फेरीत मॅडमनी कानातली रबरी टोपी बदलून मोठ्या भोकांची दिली, घुमणं थांबलं. तिसऱ्या फेरीत एक बारीक नळी कानात पडद्याच्या जवळपर्यंत घालून, मशीनचा आवाज तिथे प्रत्यक्ष किती पोचतो ते मोजलं आणि वरच्या पट्ट्या वाढवल्या. पहिल्याच दिवशी सगळं पूर्ण वाढवत नाहीत. मेंदूला इतकी वर्षं न मिळालेले आवाज हळूहळू द्यावे लागतात. त्या दुकानदारानं "सवय होईल" म्हटलं होतं ते अर्धं खरं होतं. सवय होते, पण सेटिंग बरोबर असेल तरच.

आता तंबोरा.

आमचा तंबोरा मिरजेचा आहे, सासूबाईंच्या वेळचा. मिरजेत पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तंतुवाद्यं करायला घेतली आणि पिढ्यानपिढ्या तेच करत आले. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या मंडळात पेढे वाटले होते. नवीन मशीन लावून मी पहिल्या गुरुवारी भजनाला बसले, पंचमाची तार लावली, मग मधल्या दोन जोडाच्या, मग जाड खर्जाची, आणि छेडायला सुरुवात केली. तर तंबोरा थरथरत होता. स्वर स्थिर राहीचना. पाण्याखालून आल्यासारखा डुलायचा, आणि मधूनच वर एक खोटा, शिट्टीसारखा स्वर लागायचा जो तंबोऱ्यात नव्हताच. मी जवारी, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिथून उठणारा झंकार, तपासली, घोडीवर तारेखालचा दोरा मागेपुढे सरकवला, खुंट्या पिळल्या. शेजारची म्हणते तंबोरा छान लागलाय. मी मशीन काढून ठेवलं. मग तंबोरा शांत झाला, पण पेटीवाल्या ताई काय म्हणतात ते ऐकू येईना.

घरी येऊन रडले. बोलणं ऐकायचं तर तंबोरा सोडायचा, असं कुणी मला ७४,००० घेऊन सांगितल्यासारखं वाटलं.

मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काकू, पुढच्या वेळी तंबोराच घेऊन या." गवसणी घालून, मांडीवर आडवा धरून मी तो रिक्षातून मिरजेला नेला. दवाखान्यातल्या खुर्च्या बाजूला करून खाली बसले आणि छेडत राहिले. त्या संगणकावर एकेक गोष्ट बंद करत गेल्या. कारण असं निघालं: मशीनमधून बाहेर पडलेला आवाज परत त्याच्याच माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते. ती मोडायला आत एक सोय असते. एकाच पट्टीत स्थिर, लांबलेला स्वर दिसला की ही सोय त्याला शिट्टी समजते आणि उलटा स्वर सोडून तो पुसायला बघते. तंबोरा म्हणजे तर स्थिर, लांबलेला स्वरच. मशीन माझ्या षड्जाला शिट्टी समजून पुसत होतं आणि त्या झटापटीतला डुलता आवाज मला ऐकू येत होता. त्याशिवाय गोंगाट कमी करणारी सोय तंबोऱ्याला पंख्याच्या घरघरीत काढत होती, आणि हळू आवाज वर, मोठा आवाज खाली आणणाऱ्या सोयीनं गाण्यातला चढउतार सपाट केला होता. ही यंत्रं बोलणं डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली असतात, गाणं त्यांच्या हिशेबात मागाहून येतं.

मॅडमनी दुसरा एक प्रोग्राम करून दिला. त्यात शिट्टी मोडणं बंद, गोंगाट कमी करणं बंद, हळू-मोठ्या आवाजाची दाब-उचल कमीत कमी, माइक चारी बाजूंनी उघडा. शिट्टी वाजू नये म्हणून वरच्या पट्ट्या थोड्या उतरवाव्या लागल्या, त्यामुळे या प्रोग्राममध्ये बोलणं किंचित बोथट येतं. ते मला चालतं. मशीनच्या पाठीवर एक बटण आहे, ते दाबलं की दोनदा टुक-टुक होतं आणि प्रोग्राम बदलतो. त्यांनी बटण दाबलं आणि मी परत खर्जाची तार छेडली. तार सुटल्यावर जवारीतून एकामागून एक वर चढत जाणारे ते बारीक स्वर, ज्यांना आम्ही गंधार बोलतोय म्हणतो, ते मला पाच-सहा वर्षांनी ऐकू आले. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी छेडतच राहिले, त्यांनीही घाई केली नाही. बाहेर दोन पेशंट होते.

एवढं करून एक तारा का कापला, तेही सांगते. मंगल कार्यालयात हे मशीन फारसं उपयोगी पडत नाही. समोरच्याचं बोलणं जरा पुढे येतं, पण बँड आणि पंगत एकदम सुरू झाली की सगळं एक होतं. गणपतीत ढोल-ताशा जवळ आला की मी काढूनच ठेवते. पावसाळ्यात दमटपणानं आवाज बसतो. रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवावं लागतं, जुलै-ऑगस्टमध्ये तर एक दिवसही चुकवून चालत नाही. कानातल्या टोकाला मळ अडवणारी पांढरी जाळी असते, ती भरली की मशीन बंद पडल्यासारखं वाटतं. मी दोनदा घाबरून मिरजेला फोन केला होता, आता स्वतः बदलते. नाटक मात्र ऐकू येतं. भावे नाट्यमंदिरात पुढच्या रांगांत बसले तर शेवटच्या शब्दासकट ऐकू येतं. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी जिथे पहिलं नाटक केलं त्या गावात राहून मी सहा वर्षं नाटकाला जात नव्हते.

ऑनलाइन हजार-दीड हजारात मिळतात ती मशीनं घेऊ नका. ती सगळंच सरसकट मोठं करतात, तुमच्या आलेखाशी त्यांचा काही संबंध नसतो. पैशाची अडचण असेल तर केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, त्यात दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना श्रवणयंत्र मिळतं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना ३,००० रुपये मिळतात. ३,००० रुपयांत चांगली डिजिटल जोडी येत नाही, हे सरकारनं लक्षात घ्यावं असं मला मनापासून वाटतं. चष्म्याला कुणी चैन म्हणत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानं २०१७, २०२० आणि २०२४ अशा तिन्ही अहवालांत स्मृतिभ्रंशाची जी टाळता येण्याजोगी कारणं दिली, त्यांत कमी ऐकू येणं आहे. तेव्हा "या वयात ऐकून काय करायचंय" हे वाक्य कुणाच्या तोंडून आलं की मी तिथल्या तिथे उत्तर देते.

एक अडचण अजून सुटलेली नाही. आमच्या विठ्ठल मंदिराच्या सभामंडपाला खाली फरशी आणि वर पत्रा. तिथे टाळ सुरू झाले की त्यांचा आवाज छतावरून परत येतो आणि गाण्याच्या प्रोग्राममध्ये तो सुईसारखा टोचतो. बोलण्याच्या प्रोग्रामवर गेलं की टाळ सुसह्य होतात, पण तंबोरा पुन्हा डुलायला लागतो. सध्या मी टाळकऱ्यांकडे पाठ करून, खांबाच्या आडोशाला बसते. पुढची फेरी पंधरवड्यानं आहे. या वेळी तंबोऱ्याबरोबर टाळाची एक जोडीही नेणार आहे.