वॉर्ड की सार्वजनिक आरोग्य? नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असणाऱ्यांसाठी

मी दोन्हीकडे काम केलंय, त्यामुळे जे अनुभवलं तेवढंच सांगतो.

आधी वॉर्डची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. तिथे हात बसतो. चेहरा बघूनच पेशंटचं बीपी घसरतंय हे ओळखणं, रात्रपाळीत डॉक्टर येईपर्यंत निभावून नेणं, हे इतकं पक्कं दुसरीकडे होत नाही. शिवाय कामाचं फळ बऱ्याचदा त्याच पाळीत दिसतं. सार्वजनिक आरोग्यात तसं नाही. गोवर रोखायचा तर साधारण ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात, आणि ते साधलं की दाखवायला काहीच नसतं. साथ आली नाही, एवढंच. रजिस्टरं आणि अहवाल मात्र भरपूर.

तरीही मी इकडे वळलो, ते एका गोष्टीला कंटाळून. डिस्चार्ज झाला की पेशंटशी संबंधच तुटतो. मधुमेहाच्या एक बाई साखर आटोक्यात आली की घरी जायच्या आणि पुन्हा भरती व्हायच्या. इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवा, हे दर वेळी सांगितलं जायचं, आणि त्या ठेवतोच म्हणायच्या. असं का होतं, ते वॉर्डात कधी उमगलं नाही. पुढे घरभेटींना जाऊ लागलो, तेव्हा दुसऱ्याच एका घरी फ्रीज उघडला, तर इन्सुलिनची बाटली बर्फाच्या कप्प्याला चिकटलेली. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरण्याजोगं राहत नाही. सल्ला बरोबर होता, पाळलाही होता, आणि औषध वाया गेलं होतं. वॉर्डातून तो कप्पा दिसतच नाही.

क्षयाचंही तेच. नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा, पण काही आठवड्यांतच बरं वाटू लागतं आणि गोळ्या सुटतात. नेमकं तेव्हा कुणाला तरी घरी जावं लागतं. लिलियन वॉल्ड ही अमेरिकन नर्स. त्या १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत घरोघरी शुश्रूषा करू लागल्या, तेही तिथेच राहायला जाऊन. मला ते पटतं.

आणीबाणीतच ज्याचं मन रमतं, त्याने वॉर्ड सोडू नये, असं मला वाटतं. ठरत नसेल तर एखाद-दोन वर्षं वॉर्ड करून इकडे या. घरात शिरल्यावर काय बघायचं ते मग चटकन कळतं. अर्ज भरण्याआधी एखाद्या अनुभवी नर्सबरोबर दिवसभर फिरा. लसीकरणाचा दिवस नको, तो सगळ्यांनाच आवडतो. पाठपुराव्याचा दिवस निवडा, ज्या दिवशी बरीच दारं बंद सापडतात.