एर्टिगा सीएनजीला 92 एक्सएल टायर: दिवाळी ते पावसाळा, वापरानंतरचा अनुभव

गाडी 2019 ची एर्टिगा, कंपनी फिटेड सीएनजी. गाव छत्रपती संभाजीनगर. एरवी मी एकटी नाहीतर दोघं-तिघं असतो, पण लग्नसराईत आणि सुट्ट्यांत सातही सीट भरतात, आणि डिक्कीत सिलिंडर असल्यामुळे बॅगा वर कॅरियरवर चढतात. समृद्धी महामार्गावरून नागपूरला माहेरी जाणं नेहमीचंच. हे सगळं आधी सांगतेय, कारण टायर निवडताना ब्रँड आणि किंमत यांच्या आधी हाच हिशोब करावा लागतो आणि दुकानात तो कोणी करत नाही.

कंपनीचे टायर पंचेचाळीस हजार किलोमीटरच्या आसपास संपले. नक्षीच्या खाचेत जी छोटी उंचवट्याची पट्टी असते तिच्या बरोबरीला रबर आलं की 1.6 मिमी उरलं समजायचं, ती कायद्याने शेवटची हद्द. समृद्धीवर 2023 मध्ये परिवहन विभागाने प्रवेशद्वाराशी टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरवाल्यांना परत पाठवलं, तेव्हापासून आमच्याकडे लोक निदान खाली वाकून टायर बघायला तरी लागलेत.

जुन्या टायरवर लिहिलं होतं 185/65 आर 15 88 एच. पहिले तीन आकडे सगळ्यांना माहीत असतात: रुंदी, उंचीची टक्केवारी, रिमचा इंच. नंतरचा 88 हा लोड इंडेक्स. तो किलो नाही, तक्त्यातला क्रमांक आहे. 88 म्हणजे एका टायरवर 560 किलो, 85 म्हणजे 515, 82 म्हणजे 475, 91 म्हणजे 615 आणि 92 म्हणजे 630. शेवटचं अक्षर वेगाचं: टी म्हणजे ताशी 190 किमीपर्यंत, एच म्हणजे 210. आपल्याकडे समृद्धीवरही मर्यादा 120 ची, त्यामुळे त्या अक्षरावर मी फार डोकं लावलं नाही, फक्त मूळ अक्षरापेक्षा खालचं घेतलं नाही.

आता हिशोब. माझी गाडी माणसं-सामानासह भरली की अठराशे किलोच्या आसपास जाते. चार टायरना सारखं वाटलं तर 450 येतात आणि वाटतं, मग 82 सुद्धा चालेल की! पण वजन सारखं वाटलं जात नाही. तिसरी रांग मागच्या चाकांवर, सिलिंडर मागे, आणि सीएनजी मॉडेल मुळातच पेट्रोलपेक्षा ऐंशी-नव्वद किलोने जड. मागच्या ॲक्सलवर पंचावन्न टक्के धरले तरी एका टायरवर 495 किलो झाले. म्हणजे 82 बाद, 85 ला जेमतेम वीस किलोची सवड, आणि 88 ला पासष्ट. घाटातल्या वळणावर बाहेरच्या चाकावर, किंवा खड्ड्यात आदळताना जो जास्तीचा भार येतो तो यात धरलेलाच नाही. कंपनीने 88 दिलाय तो उगाच नाही.

पहिल्या दुकानात मला 195/55 आर 15 दाखवला. "ताई, हा रुंद आहे, मजबूत बसेल." रुंद म्हणजे मजबूत ही समजूत टायरच्या बाजारात इतकी मुरलेली आहे की ती ऐकून हसूसुद्धा येत नाही. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, 85 होतं. रुंदी दहा मिलिमीटरने वाढली तरी टायरची उंची घटल्यामुळे आत हवा मावायची जागा कमी झाली, आणि भार उचलते ती हवा, रबर नव्हे. शिवाय चाकाचा व्यास 26 मिलिमीटरने कमी, म्हणजे गाडी 13 मिलिमीटर खाली बसणार आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा चारेक टक्के जास्त दाखवणार.

दुसऱ्या दुकानातला पर्याय जास्त फसवा होता, कारण तो अर्धा बरोबर होता. सोळा इंची अलॉय रिम आणि त्यावर 195/55 आर 16. दुकानदाराने मोबाइलवर व्यास काढून दाखवला: जुना सहाशे साडेएकवीस, म्हणजे 621.5 मिमी, नवा 620.9. "बघा, केसाचाही फरक नाही." खरंच नव्हता. मी टायर फिरवून आकडा शोधला तर 87. म्हणजे 545 किलो. तो म्हणाला, एका नंबरने काय होतं? हिशोबाने बघितलं तर माझं 495 त्यातही बसतं, हे मान्य. पण साधा नियम असा की नवा टायर मूळ लोड इंडेक्सच्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि दिसण्यासाठी पंधरा किलो प्रति चाक सोडून द्यायचे, वर साइडवॉल आणखी बारीक करून आमच्या रस्त्यांवर रिम वाकवून घ्यायचे, हा व्यवहार मला पटला नाही. याच मापात 91 एक्सएल (जास्त भाराचा प्रकार) येतो, तो मागवतो का विचारलं तर त्यांच्याकडे नव्हता.

शेवटी मूळ मापातच, पण 92 एक्सएल घेतला. ब्रँडचं नाव मुद्दाम टाळतेय, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच जाते. एक्सएल म्हणजे एक्स्ट्रा लोड, आतला सांगाडा जास्त ताकदीचा, जास्त हवा सोसणारा. बिल भरण्याआधी साइडवॉलवरचे चार आकडे बघितले: पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. पहिला आणलेला संच दोन वर्षं गोदामात पडलेला निघाला, तो परत पाठवून नवीन तारखेचा मागवला. दोन दिवस थांबावं लागलं. आयएसआय खूणही बघून घ्या, कारच्या टायरला ती सक्तीची आहे. हवेऐवजी नायट्रोजन भरायचे वेगळे पैसे मागितले, दिले नाहीत. बॅलन्सिंग-अलाइनमेंटसकट सगळं तीस हजारांच्या आत झालं.

आता वापर.

रिकाम्या गाडीत शहरात हे टायर कडक आहेत, यात गोड बोलण्यात अर्थ नाही. जालना रोडवरच्या प्रत्येक जोडावर धप्प होतं आणि सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं की गाडीचं काही बिघडलंय का. पाचेक हजार किलोमीटरनंतर थोडी सवय झाली, थोडे टायर मऊ पडले. सीएनजीच्या ॲव्हरेजमध्ये मला जाणवेल असा फरक नाही.

खरी मजा गाडी भरल्यावर. जुन्या टायरवर सात माणसं आणि कॅरियर असताना लेन बदलली की मागचा भाग अर्धा क्षण उशिरा यायचा, लोळल्यासारखा. ते जवळजवळ गेलं. मेमध्ये नागपूरहून परत येताना बाहेर 44-45 अंश, खाली तापलेलं काँक्रीट, आणि गाडी भरलेली. अशा वेळी टायरला धोका रस्त्याच्या उन्हापेक्षा स्वतःच्याच वाकण्याचा असतो. भार जास्त किंवा हवा कमी, दोन्हीत साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, आत उष्णता साठते, आणि थर सुटायला लागतात. फुटतो तेव्हा अचानक फुटल्यासारखा वाटतो, तयारी बराच आधीपासून चाललेली असते.

त्याच प्रवासात पंपावर हवा तपासली तर सकाळपेक्षा पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त. पंपावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, गरम झालंय, काढून टाकतो थोडी." त्याला नको म्हटलं. टायर गरम झाला की हवा वाढणारच, साधारण दर पाच-सहा अंशांना एक पीएसआय. ती काढली तर रात्री टायर थंड झाल्यावर हवा कमी पडते आणि दुसऱ्या दिवशी तोच टायर जास्त वाकतो. मोजायचं ते सकाळी, गाडी हलवायच्या आधी. हातातला गेज घ्या, पंपांवरचे बरेच मीटर एकमेकांशी जुळत नाहीत.

आणि एक्सएलबद्दलची ही गोष्ट मला दुकानात कोणी सांगितली नव्हती: 92 चे 630 किलो हे फुकट मिळत नाहीत. साध्या टायरचा आकडा साधारण 36 पीएसआयला गृहीत धरलेला असतो, एक्सएलचा 42 ला. तेवढ्याच हवेवर दोघं चालवले तर एक्सएल साध्यापेक्षा जास्त भार उचलत नाही, उलट किंचित कमीच. म्हणून रोजच्याला मी दाराच्या खांबावर कंपनीने लावलेल्या हवेच्या स्टिकरपेक्षा दोन पीएसआय वर ठेवते, आणि सात जण निघणार असतील तर स्टिकरवरच्या फुल लोडच्या आकड्यापेक्षा दोन वर. रबर आत्तापर्यंत मधे आणि कडेला सारखंच झिजलंय, म्हणजे हवा फार चुकत नसावी. आमच्या दिरांना वाटलं की 92 घेतला म्हणजे आता वर आणखी दोन गोणी गहू चालतील. चालणार नाहीत. स्प्रिंग, ब्रेक, ॲक्सल तेच आहेत, नोंदणीवरचं एकूण वजनही तेच.

पावसात पकड चांगली आहे, साचलेल्या पाण्यात गाडी तरंगल्यासारखी झाली नाही, पण नवी खोल नक्षी असताना बहुतेक टायर असेच वागतात. खरं मत तिसऱ्या पावसाळ्यात देईन.

तुमच्या एर्टिगात मागची रांग कायम दुमडलेली असेल आणि पेट्रोल मॉडेल असेल, तर एक्सएलच्या मागे लागू नका, चांगला 88 घ्या आणि आरामात फिरा. सीएनजी आणि भरलेली गाडी असेल तर मी पुन्हा हाच घेईन. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे टाका, आणि एका ॲक्सलवर दोन वेगळे लोड इंडेक्स नकोत. माझी स्टेपनी अजून जुनी 88 च आहे, पंक्चरवाल्यापर्यंत जायला पुरते. ती गाडीखाली लटकते म्हणून हवा बघायची राहून जाते, त्यामुळे आता तिची तारीख सर्व्हिसिंगलाच बांधून टाकली आहे.