पुढच्या पंख्याची ‘नवी’ मोटर

आंभोऱ्याला वैनगंगेवर माझी एक छोटी प्रवासी बोट चालते. गोसेखुर्द धरणाचं पाणी तुंबल्यापासून इथली नदी नदीसारखी राहिली नाही. पलीकडचा काठ दूर गेला आणि मोकळ्या पाण्यावरून वारा सुसाट येतो. धक्क्याला लागताना हा वारा बोटीचं तोंड फिरवतो, म्हणून कोकणातून जुनी फायबरची बोट घेतली तेव्हा तिला बो थ्रस्टर आहे हे पाहूनच घेतली. बोटीच्या नाकाखाली आरपार नळी, नळीत पंखा, वर 12 व्होल्टची मोटर. जॉयस्टिक डावीकडे दाबली की तोंड डावीकडे, उजवीकडे दाबली की उजवीकडे. आमची पोरं त्याला ‘पुढचा पंखा’ म्हणतात.

मागच्या हिवाळ्यात हा पंखा रुसायला लागला. सकाळच्या पहिल्या फेरीला झकास चाले. तीन-चार वेळा धक्क्याला लावून झालं की जॉयस्टिक दाबल्यावर नुसतं ‘टक’ वाजायचं, पंखा ढिम्म. अर्धा तास थांबलं की परत चालू. आधी वाटलं जलपर्णी अडकली. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे इथवर येतं, त्यावर ही जलपर्णी माजते आणि नळीत तिचा बोळा बसतो. पण नळी साफ होती. पंख्याची पिन तुटली असती तर मोटर गरगरली असती आणि बोट हलली नसती. इथे मोटरच गप्प.

महाशिवरात्र तोंडावर होती. चैतन्येश्वराच्या यात्रेला इथे पाय ठेवायला जागा नसते आणि आमची वर्षातली मोठी कमाई तेव्हाचीच. ही घाई मी त्या मेकॅनिकला फोनवरच सांगून बसलो. माझी पहिली चूक तीच.

एका ओळखीच्याने नंबर दिला होता. माणूस मोठ्या शहरातून आला. बोलायला गोड, पेटीत चकचकीत पाने. मल्टिमीटर बीपवर, म्हणजे तार सलग आहे का हे पाहण्याच्या खुणेवर लावून त्याने केबलच्या दोन्ही टोकांना टोचलं. बीप वाजली. “वायरिंग ओके आहे भाऊ, आर्मेचर गेलंय.” मग जॉयस्टिक दाबायला सांगितली, ‘टक’ आवाज आला आणि तो माझ्याकडे बघून हळहळला. आता कळतं की त्या ‘टक’मधून आर्मेचरचं, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरत्या गुंडाळीचं, काहीच कळत नाही. तो सोलेनॉइडचा, म्हणजे मोटरला करंट सोडणाऱ्या चुंबकी स्विचचा आवाज. सोलेनॉइड ओढायला थोडा करंट पुरतो, पण मोटर फिरवायला अडीचशे-तीनशे अँपिअर लागतात.

इम्पोर्टेड मोटर, 46,500 रुपये, अर्धे आधी. पैसे त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर गेले. बिल मागितलं तर म्हणाला, “जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल.” जुनी मोटर ‘भंगारात देतो’ म्हणून सोबत नेली. मी एक शब्द बोललो नाही. आठ दिवसांनी निळ्या रंगाची कोरी करकरीत मोटर आणून बसवली, उरलेले पैसे घेतले आणि चहा पिऊन गेला.

पाच दिवस पंखा मस्त चालला. येत-जात राहणाऱ्या बिघाडाची हीच मेख आहे. मोटर काढताना-बसवताना केबल हलते, सांध्याचा बसलेला मळ जागचा सुटतो आणि बिघाड आपोआप दबतो. मेकॅनिकने काहीही बदललं तरी दुरुस्त झाल्यासारखंच वाटतं. मीही चार जणांना त्याचा नंबर दिला! त्यातल्या दोघांना आता फोन करून ‘देऊ नका’ सांगून झालंय.

सहाव्या दिवशी दुपारी बोटीत 14 माणसं, त्यात दोन म्हाताऱ्या, आणि वारा पश्चिमेचा. धक्का दहा हातांवर असताना ‘टक’. बोट आडवी होऊन दगडांकडे सरकायला लागली. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात होती, तेवढं नशीब. एक ढिवर (मासेमार) भाऊ डोंगा घेऊन मध्ये घुसला, त्याने आमच्या बोटीला दोर लावला आणि मी बांबूने रेटत रेटत तिला कशीबशी धक्क्याला लावली. एक म्हातारी उतरताना म्हणाली, “बाबू, पुढच्या बारीले डोंग्यातूनच नेजो.”

संध्याकाळी आमच्याकडे ट्रॅक्टरचे सेल्फ (स्टार्टर मोटर) दुरुस्त करणाऱ्या काकांना आणलं. बोट त्यांनी जन्मात उघडून पाहिली नव्हती. मोटर पाहून म्हणाले, “हे तं मोठं सेल्फच आहे नं.” त्यांनी मीटर बीपवर लावलाच नाही. डीसी व्होल्टवर ठेवला, एक टोक बॅटरीच्या खांबावर धरलं, क्लॅम्पवर नाही हं, थेट खांबावर. दुसरं मोटरच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर. मला म्हणाले, “दाब.” मी जॉयस्टिक दाबली. वायर धड असेल तर इथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. पंखा कण्हत कण्हत फिरला आणि मीटरवर 2.6.

म्हणजे वाटेत कुठेतरी अडीच व्होल्ट गळत होते. अडीचशे अँपिअरवर त्याचे सहाशेच्या वर वॅट होतात, अख्खी शेगडी! मग काका एकेक सांधा पुढे सरकत गेले. फ्यूजपर्यंत सगळं ठीक. फ्यूजच्या पलीकडच्या थिंबलवर (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपणावर) टोक ठेवलं तरी आकडा छोटाच, आणि त्या थिंबलमधून निघणाऱ्या केबलच्या तांब्यात सुई टोचली तर उडी. “हात लाव,” म्हणाले. थिंबल चटका देत होतं. काळी स्लीव्ह ब्लेडने चिरली तर आत हिरवी भुकटी. खाऱ्या पाण्यात राहिलेल्या बोटीचं तांबं आतून सडलेलं, निम्म्या तारा तुटलेल्या आणि थिंबल हातोडीने ठोकून बसवलेलं. थंड असताना उरलेल्या तारा कसाबसा करंट नेत. तापल्या की सांधा सैल होई आणि मोटर उपाशी राही. बीप मात्र नेहमी वाजणार, कारण बीपला नावापुरताच करंट लागतो. दहाएक मिलिओहमचा एवढासा रोध आपल्या साध्या मीटरला दिसत नाही.

नवं थिंबल, हायड्रॉलिक प्रेसने दाबून, वर डिंकाची स्लीव्ह. खर्च 640 रुपये.

मग काका मोटरकडे वळले. “नवी म्हणतो? कार्बन तं निम्मे घासले आहेत.” कार्बन म्हणजे फिरत्या आर्मेचरला करंट देणारे ब्रश, ते वापरानेच झिजतात. मला काहीतरी आठवलं. बोट घेतल्यावर मोटरच्या तारा उलटसुलट लागू नयेत म्हणून मी पोरीच्या नेलपॉलिशचा एक गुलाबी ठिपका पॉझिटिव्ह टर्मिनलच्या शेजारी अंगावर लावला होता. अंगठ्याच्या नखाने तिथला निळा स्प्रे खरवडला. पापुद्रा निघाला. खाली गुलाबी.

46,500 रुपयांत मला माझीच मोटर रंगवून मिळाली होती.

मेकॅनिकला फोन केला तर आधी म्हणाला, “रंग कंपनीचाच असतो.” ठिपक्याचा फोटो पाठवला, दोन निळ्या खुणा उमटल्या, त्यानंतर फोन उचललेला नाही.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही जातोय. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथल्या आयोगात दावा करता येतो, त्याच्या शहरात खेटे घालायला नकोत, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मात्र वकिलाने एक गोष्ट आधीच सांगितली. व्यापारासाठी वस्तू घेणाऱ्याला ‘ग्राहक’ धरत नाहीत, फक्त स्वतः राबून पोट भरण्यासाठीच घेतली असेल तर धरतात. म्हणून बोट मीच चालवतो याचे कागद गोळा करतोय. मोटरचं कच्चं बिलसुद्धा हाती नाही, यूपीआयच्या नोंदी तेवढ्या आहेत. आणि ठिपक्याचे फोटो, ज्यात अर्धा निळा रंग मी मुद्दाम तसाच ठेवला आहे.

काकांनी त्या दिवशी मजुरी सांगितलीच नाही. बळेच 500 दिले तर ते थिंबलच्या 640मधूनच वजा करायला निघाले.